दातातली चांदी आणि उरलेला पारा



 

"डाक्टर, चांदीच भरा, थे लय टिकते." वऱ्हाडातला पेशंट वर्षानुवर्षं हेच सांगत आला आणि त्याचं खरंही होतं. त्या चांदीत वजनाने जवळपास निम्मा पारा असतो, हे मात्र आपण दंतवैद्यांनी त्याला क्वचितच सांगितलं. आता ही भरणी मागे पडते आहे. अशा वेळी तिचा गुणधर्म विसरून चालणार नाही.

पारा उणे ३९ अंशांपर्यंत पातळ राहतो. त्यामुळे सोनं, चांदी, कथील, तांबं, जस्त यांच्याशी त्याचं मिश्रण व्हायला भट्टी लागत नाही. लोखंड मात्र त्याला दाद देत नाही, म्हणून पारा लोखंडी बाटल्यांत साठवत. सोन्याच्या अंगठीला पारा लागला की ती पांढरी पडते, हे सराफ्यातल्या कारागिराला वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्या पिढीने हे मिश्रण खलात घोटलं. कोरड्या भुकटीचा बघता बघता चकचकीत लगदा व्हायचा. तो फडक्यात पिळून जादा पारा काढायचा. चिमटीत दाबला की बारीक कुरकुरायचा. आत घडायचं ते असं: पारा कणांचा वरचा थर विरघळवतो, चांदी-पारा आणि कथील-पारा असे नवे स्फटिक धरतात आणि न विरघळलेल्या कणांना जखडून टाकतात. यात कथील-पाऱ्याचा स्फटिक सर्वांत कच्चा, आधी गंजणारा. १९६०च्या दशकात मिश्रणात तांबं वाढवलं गेलं. त्याने कथील स्वतःकडे ओढून घेतलं आणि भरणीचं आयुष्य वाढलं. पूर्ण ताकद यायला मात्र दिवस जातो. 'चोवीस तास त्या बाजूने चावू नका' ही सूचना त्यासाठीच.

पारा असा बांधला जातो, पण नष्ट होत नाही. उष्णता मिळाली की त्याची वाफ होते. पाऱ्याविषयीच्या २०१३च्या मिनामाता कराराला भारताने २०१८मध्ये मान्यता दिली आणि पाऱ्याची भरणी कमी करत नेण्याचं बंधन आपल्यावर आलं. ते योग्यच आहे. पण मेळघाटातून एसटीने आलेल्या मजुराची दाढ ओलसर, खर्च बेताचा आणि पुन्हा येण्याची खात्री नाही. त्याला परवडेल असा पर्याय हाती नसताना नुसती 'चांदी बंद' म्हणणं म्हणजे दाढ उपटायला सांगणं. काचेच्या सिमेंटच्या सुधारित भरण्या सरकारी दवाखान्यांत नियमित मिळाव्यात, ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

दुसरं काम आपल्याच टेबलावरचं. जुनी भरणी कोरताना निघालेला चुरा आणि भरणी असलेले उपटलेले दात पिवळ्या पिशवीत जाता कामा नयेत. ती पिशवी जाळली जाते आणि पारा हवेत मिसळतो. हा कचरा ऑटोक्लेव्हमध्येही घालू नये. प्रत्येक दवाखान्यात घट्ट झाकणाची, नाव लिहिलेली वेगळी बरणी हवी. त्या बरण्या गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पाठवण्याची सोय अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांनी मिळून करावी, असा ठराव मी या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून मांडतो. आजच्या खुल्या अधिवेशनात तो मंजूर करावा, ही विनंती.