नकलेकडून निर्मितीकडे



बुलढाण्यासारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात हवाई क्षेपणास्त्राचा विषय दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या कथेचा एक अध्याय आपल्याच राज्यात, नाशिकजवळील ओझर येथे घडला आहे.

विमानातून विमानावर सोडावयाचे मार्गदर्शित अस्त्र दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने तयार केले. १९४४ साली चाचणी झालेले हे अस्त्र बारीक तारांनी विमानाशी जोडलेले असे. वैमानिकाने आपले विमानही सांभाळावे आणि अस्त्रालाही वळवावे, ही अपेक्षाच अवघड होती.

अमेरिकेतील विल्यम मॅक्लीन यांनी निराळा विचार केला. इंजिनाची उष्णता हीच विमानाची खूण. मग अस्त्रालाच ती ओळखू द्यावी! त्यांच्या ‘साइडवाइंडर’च्या टोकाशी अवरक्त किरण टिपणारा जणू डोळाच होता. शेपटीच्या पंखांवरील लहान चाके वाऱ्याने फिरत आणि अस्त्राचे गरगरणे आवरीत. १९५३ मध्ये त्याने पहिले लक्ष्य गाठले.

सप्टेंबर १९५८ मध्ये तैवानच्या विमानांनी हे अस्त्र चिनी विमानांवर सोडले. त्यांपैकी एक न फुटताच चिनी मिग विमानात रुतून बसले. पुढे ते सोव्हिएत तज्ज्ञांच्या हाती पडले व त्याच्या अभ्यासातून ‘के-१३’ निर्माण झाले. १९६४ मध्ये ओझरला स्थापन झालेल्या कारखान्यात हिंदुस्थान एरोनॉटिक्सने जी मिग-२१ विमाने बांधली, त्यांचे प्रमुख अस्त्र हेच होते.

नकलेबरोबर मूळच्या मर्यादाही येतात. के-१३ ला शत्रूच्या पाठीमागूनच नेम धरावा लागे. सूर्याच्या तेजाने त्याची दिशाभूल होई. ओझरला आरंभी बांधलेल्या विमानांत अंगभूत तोफही नव्हती. केवळ दोन अस्त्रांवर विसंबणे पुरेसे नाही, हे ध्यानी आल्यावर विमानाच्या पोटाखाली तोफ बसविण्यात आली. १२ डिसेंबर १९७१ रोजी भारत भूषण सोनी यांनी कच्छच्या आखातावर पाकिस्तानचे एफ-१०४ विमान पाडले, ते तोफेनेच.

मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये सेवानिवृत्त झाले. ओझरलाच बांधल्या गेलेल्या सुखोई-३० विमानांवर आता भारतीय शास्त्रज्ञांनी रचलेले ‘अस्त्र’ हे क्षेपणास्त्र बसते. सुखोईवरून त्याची पहिली चाचणी २०१४ मध्ये झाली. म्हणजे ही वाटचाल अर्ध्या शतकाची ठरली.

आराखडा पाहून वस्तू घडविता येते. ती अशीच का घडवावी, हे मात्र अभ्यासानेच उमगते. आपल्या जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकणाऱ्या प्रत्येक तरुण-तरुणीने हातातील सुट्या भागाला हाच प्रश्न विचारावा. स्वावलंबनाचा आरंभ तेथूनच होतो.