मोल जमिनीचे धरणार की पिकाचे?

(कोरडवाहू भागातून आलेल्या कापूस व ज्वारी उत्पादक शेतकऱ्यांसमोर मालवण येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



काळ्या रानातून इतका लांबचा प्रवास करून तुम्ही समुद्राकाठी आलात. कालपासून तुमच्यापैकी कित्येकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, 'इथे गुंठ्याचा भाव काय?' आम्ही भाव सांगितला की तुम्ही हसता आणि म्हणता, 'मग तुम्ही तर कोट्यधीश!'

आज बोलायचे आहे ते या कोट्यधीशपणाबद्दलच. आमच्या माडाला पूर्वी लागत तेवढेच नारळ आजही लागतात. काजूचे बोंड मोठे झालेले नाही. हापूसचे तर एक वर्ष येते, दोन वर्षे जातात. मग भाव कशाने वाढला? १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली, २०२१ साली चिपीला विमान उतरले. जमीन तीच, कसणारा तोच, पीक तेच. किंमत मात्र दुसऱ्यांनी ठरवली. 'येवा, कोकण आपलाच आसा' असे आम्ही पाहुण्यांना म्हणत आलो. आता जमीन घ्यायला येणारेही तेच म्हणू लागले आहेत.

हे आधी सांगायचे कारण असे. जगातले मोठमोठे अर्थतज्ज्ञ सध्या श्रीमंतांच्या संपत्तीवर कर कसा लावावा याचा आराखडा करीत आहेत. तोमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२४ मध्ये भारताचा हिशोब मांडला. २०२२-२३ साली वरच्या एक टक्का लोकांच्या हाती देशाची ४०.१ टक्के संपत्ती होती. मे महिन्यात त्यांनी उपाय सुचवला : १० कोटी रुपयांच्या वर निव्वळ संपत्ती असेल तर त्या वरच्या भागावर दरसाल २ टक्के कर, आणि १० कोटींच्या वरच्या वारशावर ३३ टक्के. या करात दर दहा हजार प्रौढांमागे चार माणसे येतात. त्याच वर्षी गॅब्रिएल झुकमन यांनी 'जी-२०' देशांपुढे अब्जाधीशांवर किमान २ टक्के कर लावण्याची योजना ठेवली आणि जुलैत रिओच्या बैठकीत त्यावर चर्चाही झाली.

या दहा हजारांतल्या चारांत आपल्यापैकी कोणी नाही. मग आपण याची चिंता का करायची? चिंता करायची ती तराजूची. संपत्ती मोजायची म्हणजे जमीनही मोजायची आली. ती बाजारभावाने मोजायची की पिकाने, हे ज्या खोलीत ठरते त्या खोलीत शेतकरी आजवर कधीच बसलेला नव्हता. तज्ज्ञ हुशार नव्हते असे नाही. पण चूक झाली की ती त्यांच्या कागदावर राहिली आणि आपल्या पाठीवर उमटली. हा अनुभव कोकणचा नाही, तुमच्या देशावरचाच आहे.

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने पुणे भागात जमिनीची मोजणी काढली. प्रिंगल नावाचा साहेब होता, विलायतेचे अर्थशास्त्र शिकलेला. प्रत्येक शेताचे पीक किती, खर्च किती, निव्वळ उरते किती याचा त्याने हिशोब केला आणि उरलेल्याचे ५५ टक्के सरकारचे ठरवले. कागदावर बिनचूक गणित! प्रत्यक्षात उत्पन्नाचे आकडे चुकीचे, खालच्या कारकुनांनी हात ओले केलेले आणि सारा झेपेना. लोकांनी शेते टाकली, कित्येक निजामाच्या मुलखात गेले. तेव्हा १८३५ साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत आणली. जमिनीची प्रत आण्यांत लावली आणि सारा ३० वर्षांसाठी बांधून दिला. ही पद्धत पुष्कळ बरी होती. ३० वर्षे सारा वाढणार नाही म्हटल्यावर लोकांनी पड जमिनी वहितीला आणल्या.

पण ३० वर्षे संपली ती नेमक्या कोणत्या काळात? अमेरिकेत यादवी युद्ध झाले होते, कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि धान्यही महागले होते. १८६७ साली इंदापूरची फेरआकारणी झाली ती या चढ्या भावांवर नजर ठेवून. पुढे भाव कोसळले, सारा खाली आला नाही. सावकाराचे दार उरले. १८७५ साली सुप्याला दंगे झाले, वह्या-खाती जाळली गेली. त्यांच्या कारणांत या वाढीव साऱ्याचेही नाव आहे. भावांनो, तेजीतल्या किमतीवर कर बांधला की मंदीत काय होते, हे कापूस पिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता स्वराज्यातील गोष्ट. आमच्याच कोकणातले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ साली मृत्युकर आला. १९५६ साली केंब्रिजचे निकोलस काल्डॉर भारतात आले. त्यांनी सांगितले, श्रीमंताला एका कराने पकडता येत नाही. उत्पन्न, संपत्ती, भांडवली नफा, बक्षीस आणि खर्च अशा सगळ्या बाजूंनी कर लावा. एकातून सुटला तर दुसऱ्यात सापडेल. आमच्या रापणीसारखे : दोन्ही टोके किनाऱ्यावर घट्ट धरली तरच मासळी येते. सरकारने १९५७ साली संपत्ती कर आणला. पण जाळ्याला जागोजागी भोके ठेवली. खर्चावरचा कर तर १९६६ पर्यंत दोनदा येऊन दोनदा गेला.

शेतजमीन या संपत्ती करातून सुरुवातीला बाहेर होती. १९६९ च्या अंदाजपत्रकात ती आत घेतली गेली. त्यावर भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७१ साली न्यायालयाने अगदी काठावरच्या बहुमताने केंद्राच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे आज 'तुम्हाला लागू नाही' म्हणून सांगितलेला कर बारा वर्षांत लागू होऊ शकतो. १९८० च्या वित्त कायद्याने तुमची-आमची शेतजमीन पुन्हा बाहेर काढली. चहा, कॉफी, रबर, वेलदोड्याचे मळे तेवढे आत राहिले.

या दोन निर्णयांच्या मधे एक चांगले काम झाले, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना १९७२ साली के. एन. राज यांची समिती नेमली गेली. त्या समितीने शेतीच्या बाजारभावाला हात लावला नाही. भागाभागाप्रमाणे, पिकाप्रमाणे मागच्या दहा वर्षांच्या उताऱ्याची सरासरी काढा, खर्च वजा करा, मग त्या जमिनीचे मोल ठरवा आणि ठरावीक मोलाच्या वर असेल त्या कुटुंबालाच कर लावा, असे तिने म्हटले. कर मोठ्यावर, आणि मोजमाप पिकाने. राज्यांनी ही योजना उचलली नाही. ज्यांच्याकडे मोठ्या बागायती होत्या त्यांची माणसे सत्तेत होती, हेही कारण आपण लपवू नये.

पण १९७२ साली आणखी काय चालले होते? महाराष्ट्रात दुष्काळ होता आणि ज्वारीवर लेव्ही बसत होती. त्याच साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी कापसाची गाडी हद्दीवर अडवली जायची. दिल्लीत तज्ज्ञ विचार करीत होते की शेतकऱ्याला कर कसा लावावा, आणि इकडे तो भावातून रोज वसूल होत होता! पावती नसलेला कर कोणत्याच समितीच्या अहवालात येत नाही. तो आजही संपलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले, ते डिसेंबरअखेरपर्यंत. ऐन वेचणीच्या हंगामात. त्याचा भार कोणावर पडतो हे तुम्ही आम्हाला सांगा.

संपत्ती कराचे पुढे काय झाले तेही पाहू. राजा चेलय्या समितीच्या शिफारशीवरून १९९३ पासून शेअर, रोखे, ठेवी यांना 'उत्पादक' म्हणून सोडून दिले. आत राहिले दागिने, मोटारी, शहरी जागा, विमाने आणि हौशी नौका. आमच्या मच्छीमारांच्या होड्या धंद्याच्या म्हणून सुटल्या, ते ठीकच झाले. पण उद्योगपतीची खरी संपत्ती कशात असते? शेअरमध्येच. तीच सोडल्यावर उरले काय? २०१३-१४ साली अख्ख्या देशातून हा कर जमला १,००८ कोटी रुपये. २०१५ साली अर्थमंत्री अरुण जेटली यांनी खर्च जास्त, वसुली कमी म्हणून तो रद्द केला आणि त्याऐवजी कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांवर २ टक्के अधिभार टाकला. मृत्युकर त्याआधीच १९८५ साली गेला होता. आधी जाळे फाडायचे आणि मग मासळी मिळत नाही म्हणून जाळे फेकून द्यायचे, असा हा प्रकार.

आता आमच्या गुंठ्याकडे परत येऊ. समजा, एका घराची किनाऱ्यालगत दोन एकर जमीन आहे. माड, काजू आणि थोडी कलमे. खर्च वजा जाता वर्षाला लाख रुपये राहतात. हॉटेलवाला त्या जमिनीचे एक कोटी द्यायला तयार आहे. बाजारभाव धरून दोन टक्के कर लावला तर होतात दोन लाख. उत्पन्न लाखाचे आणि कर दोन लाखांचा! त्या घरापुढे एकच वाट राहते, जमीन हॉटेलवाल्याला देणे. श्रीमंतांसाठी केलेला कर जमीन गरिबाकडून श्रीमंताकडे नेऊन पोचवील. आज सुचवलेली १० कोटींची मर्यादा या घराला वाचवते, हे खरे. पण १९९३ साली ठरलेली १५ लाखांची मर्यादा २००९ पर्यंत तशीच होती. मधल्या काळात किमती कुठून कुठे गेल्या? मर्यादा जागेवर बसते आणि किंमत चालत येऊन तिला गाठते.

शिवाय कोकणातल्या एकेका सातबारावर वीस-तीस सहहिस्सेदार, निम्मे मुंबईला. ही संपत्ती मोजायची कोणाची? आणि हे कोकणापुरते आहे असे समजू नका. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. ७०१ किलोमीटर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना असा तुमच्याच कापसाच्या रानातून गेला. फाट्यालगतच्या जमिनीचा भाव वाढेल, म्हणून काय कपाशीला बोंडे जास्त लागतील?

मग संपत्ती कराला विरोध करायचा का? आमचे म्हणणे स्पष्ट आहे : नाही. २०२४ च्या निवडणुकीत वारसा करावरून केवढा गवगवा झाला ते तुम्हाला आठवत असेल. अशा वेळी शेतकऱ्याच्या दोन एकरांचे नाव पुढे केले जाते, आणि त्याच्या आड शेकडो कोटींचे धनी उभे असतात. शहरातले पैसेवाले शेतजमीन घेतात, कुंपण घालतात, बंगला बांधतात आणि शेतीचे उत्पन्न दाखवून कर चुकवतात. आमच्या किनाऱ्यावर असे पुष्कळ 'शेतकरी' आहेत. त्यांची ढाल होण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

आपण मागायचे ते एवढेच. घरच्यांनी कसलेल्या जमिनीचे मोल दहा वर्षांच्या निव्वळ पिकाने धरा. बाजारभावाचा कर जमीन विकून पैसा हातात आल्यावर, त्या नफ्यावर घ्या. कराची मर्यादा महागाईबरोबर आपोआप वर जाईल असे कायद्यातच लिहा. शेअर, रोखे, ट्रस्ट, परदेशातली संपत्ती यांपैकी काहीही सोडू नका. आणि पैसा कुठे जाणार ते आधी सांगा.

हे शेवटचे अशक्य नाही. महाराष्ट्राने ते करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे अजून आपल्या गावांत आहेत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून तो कापला गेला आणि रानातल्या मजुराची मजुरी झाली. कर कोणाकडून आणि कोणासाठी, हे दोन्ही एकाच कायद्याच्या पोटात होते. संपत्ती कराचा पैसाही असाच कोरडवाहू रानाच्या पाण्याला, साठवणुकीला, पीक बुडाल्यावरच्या भरपाईला बांधून घेता येईल.

आता काम. घरी गेल्यावर प्रत्येक गावात पाच सातबारे निवडा. एका बाजूला सरकारी रेडीरेकनरमधली त्या जमिनीची किंमत लिहा. दुसऱ्या बाजूला मागच्या दहा वर्षांचे पीक, आलेला भाव, झालेला खर्च लिहा; बुडालेली वर्षे गाळू नका. आम्हीही इथल्या पाच वाड्यांत तेच करतो. पुढच्या जिल्हा बैठकीत दोन्ही कागद शेजारी ठेवू. तज्ज्ञांना विद्या आहे, त्यांना आकडे लागतात. प्रिंगल साहेबाला आकडे कारकुनाने दिले होते. या वेळी ते आपण देऊ.