गांडुळांची ओळख

पोलादपूर तालुक्यांतील कापडे गांवाच्या बाजूस डोंगरउतारावर रान, त्याखालीं वरकस जमीन आणि सखल भागांत भाताचीं खाचरें. पावसाळ्यांत मातींतून गांडूळ वर आलें कीं पाहणारा त्याला केवळ गांडूळ म्हणतो. परंतु रानांतील जात नांगरल्या जमिनींत टिकेलच असें नाहीं.

१८९८ सालीं फेडार्ब ह्यांनीं वर्णिलेल्या एका जातीस मेगॅस्कोलेक्स कोंकणेन्सिस असें कोंकणचेंच नांव मिळालें. जात ओळखावयाची ती अंगावरील जाड पट्टा आणि आंतलीं इंद्रियें पाहून. पट्टा मात्र प्रौढासच असतो. पिलूं किंवा अंड्यांचा कोश हातीं आला कीं पंडितही निरुत्तर! २००३ सालीं कॅनडांतील पॉल हेबर्ट ह्यांनीं पुरस्कारिलेल्या पद्धतींत एका जनुकाचा सुमारें ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात. तेथें पिलूं काय नि प्रौढ काय, सारखेंच.

ही कसोटी हवी, कारण नुसती संख्या फसवते. दक्षिण अमेरिकेंतून आलेलें पोंटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस हें गांडूळ सह्याद्रींत रान तुटलेल्या जमिनींत फोफावतें. जोडीदारावांचूनही त्याचा वंश वाढतो. मोजणींत गांडुळें भरपूर भरतील, पण मूळचीं किती? त्यांतून २०१८ सालीं जनुकवाचनानें असें दिसलें कीं, ह्या एका नांवाखालीं अनेक जाती दडल्या आहेत.

अर्थात् वाचलेलीं अक्षरें ताडून पाहण्यास नांव ठरलेला नमुना लागतो. फॉर्मॅलिनमध्यें ठेवलेल्या जुन्या नमुन्यांतून जनुक वाचणें फार कठीण. म्हणून मूळ ठिकाणींच ताजें गांडूळ शोधावें लागतें. मधल्या काळांत तेथील रान तुटलें असेल, तर तें सांपडेलच असें नाहीं.