जॅझचा षड्ज



जॅझ या संगीताविषयी माझे मत अनेक वर्षे ठाम होते आणि ठाम मते पुष्कळदा बनतात तसे ते फारसे न ऐकताच बनलेले होते. बडोद्यात वाढलेल्या माणसाला संगीताविषयी मत नसणे कठीणच. उस्ताद फैयाझखाँ याच संस्थानचे दरबारगवई. १९१६ साली अखिल भारतीय संगीत परिषद प्रथम भरली तीही येथेच. अशा गावी तंबोऱ्यावर कान तयार झाला, की पुढे तो कान श्रोता न राहता न्यायाधीश होऊन बसतो.

मागील पावसाळ्यात सुभानपुऱ्यातील आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक विद्यार्थी राहावयास आला. रोज रात्री त्याच्या खोलीतून ट्रंपेट आणि सॅक्सोफोन यांचा कोलाहल खाली येऊ लागला. चौथ्या रात्री तक्रार करावी म्हणून मी जिना चढलो. मुलगा सुस्वभावी निघाला. आवाज कमी करून त्याने विचारले, "काका, त्रास आवाजाचा होतो की गाण्याचा?" प्रश्न बिनतोड होता. मी म्हणालो, "आवाज काय, कमी करता येतो. पण या गाण्याला षड्ज कुठे आहे?"

त्याला उत्तर देता आले नाही. ते मग मलाच शोधावे लागले.

आपल्या गाण्यात षड्ज ढळत नाही. गवई कितीही दूर गेला तरी तंबोरा त्याची वाट पाहत जागच्या जागी उभा असतो. जॅझमध्ये हा आधारच चालू लागतो! 'ब्लूज' नावाचा त्यांचा साधा साचा घ्या. चार मात्रांचा एक विभाग, असे बारा विभाग, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. पहिले चार विभाग आधार षड्जावर असतो. पाचव्यात तो मध्यमावर जातो, सातव्यात घरी येतो, नवव्यात पंचमावर चढतो आणि अखेरीस पुन्हा षड्जावर उतरतो. आपला कान बिचारा पहिल्या षड्जालाच धरून बसतो आणि वादक बेसूर आहे असा निकाल देतो.

हे ध्यानात आल्यावर मी लुई आर्मस्ट्राँगची 'वेस्ट एंड ब्लूज' ही १९२८ ची ध्वनिमुद्रिका ऐकली. सव्वातीन मिनिटांच्या आसपासचा हा तुकडा. आरंभी एकटे ट्रंपेट, तालाचे बंधन नाही. मग पाच आवर्तने. ती मी बोटांवर मोजली. तिसऱ्यात क्लॅरिनेट एक ओळ म्हणते आणि आर्मस्ट्राँग गळ्याने, निरर्थक अक्षरांत, तिला उत्तर देतो. आपल्या नोम्‌तोम्‌ला तरी कोणता अर्थ असतो? चौथे आवर्तन अर्ल हाइन्सच्या पियानोचे. पाचव्याच्या तोंडाशी आर्मस्ट्राँग एकच वरचा सूर धरतो आणि जवळजवळ चार विभाग सोडीतच नाही. त्या ठिकाणी माझ्या तोंडून "वाहवा" निघून गेली. घरात कोणी नव्हते हे बरे झाले.

ज्यांना ही मोजदाद जाचक वाटेल त्यांच्यासाठी दुसरे दार आहे. माइल्स डेव्हिस याने १९५९ साली 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी केली. तिच्यातील पहिल्या रचनेत आधार सोळा विभाग एका जागी स्थिर राहतो, पुढील आठ विभाग अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि पुन्हा आठ विभाग मूळ जागी येतो. स्वर पाहिले तर गंधार व निषाद कोमल, बाकीचे शुद्ध, म्हणजे आपला काफी थाटच. मोठा उभा बास एक वाक्य बोलतो आणि बाकीची वाद्ये दोन सुरांत हुंकार भरतात. डेव्हिसचे वादन मितभाषी आहे. वयोवृद्ध गवई सुरांइतकीच शांततेचीही जागा ठेवतो, तसे. त्याच्यामागून जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन येतो तो मात्र तानबाजच! नवख्याने प्रथम बासवर लक्ष ठेवावे. ठेका ओळखीचा झाला म्हणजे वरचे नक्षीकाम आपोआप उलगडू लागते.

आणि जॅझ आपण कधी ऐकलेच नाही हे तरी खरे कोठे? १९३५ साली लिऑन ॲबीचा अमेरिकी निग्रो वादकांचा (तेव्हाचा शब्द) ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत होता. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून आलेल्या वादकांनी ही विद्या उचलली. त्यांतील हळदोण्याचे आंतोनियो झेव्हियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे ट्रंपेटवादक पुढे सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात आले. पुणतांब्याचा संगीतकार आणि हळदोण्याचा ट्रंपेटवादक! भगवानदादांचा 'अलबेला' १९५१ चा. त्यातील गाण्यांवर ज्यांची पावले हलली, त्यांनी जॅझ आवडत नाही असे शपथेवर सांगू नये. मीही त्यांतलाच.

तरीही सारेच गोड वाटते असे मी म्हणणार नाही. परवा त्या मुलाने ऑर्नेट कोलमनची 'फ्री जॅझ' ही १९६१ ची तबकडी ऐकविली. आठ वादक, सदतीस मिनिटे. आवर्तन मोजू लागलो तर आवर्तनच सापडेना, आणि षड्जाचे नाव काढण्याची सोय नाही. दुसऱ्यांदा ऐकली, तोच अनुभव. मुलगा म्हणतो, "काका, आणखी एकदा." मी अजून होकार दिलेला नाही.