केसपेपरचे मोल



रुग्णालय म्हटले की डोळ्यांसमोर इमारत येते, खाटा येतात, यंत्रसामग्री येते आणि दर्शनी भिंतीवरचा संगमरवरी नामफलक येतो. देणाऱ्याची दृष्टी बहुधा तेथवरच पोहोचते. परंतु प्रत्येक रुग्णालयात एक खोली अशी असते की तिच्यावर कोणाचेही नाव कोरलेले नसते. तेथे जुने केसपेपर गठ्ठ्यांनी रचलेले असतात. पावसाळ्यात ते भिजतात, उन्हाळ्यात त्यांना वाळवी लागते, आणि ठराविक वर्षांनी ते रद्दीत जातात. या कागदांतून काय निघू शकते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

समाजातील बहुतेक घरे व्यापारी आहेत, म्हणून ही गोष्ट वह्यांच्या भाषेत सांगणे सोपे जाईल. दुकानात दिवसभराची उलाढाल प्रथम रोजकीर्दीत उतरते, तेथून खतावणीत जाते, आणि वर्षअखेर ताळेबंद निघतो. रोजकीर्द नीट नसेल तर ताळेबंद कितीही सुबक असला तरी तो कल्पनेचाच खेळ ठरतो. वैद्यकातही हीच चढण आहे. एखाद्या रुग्णाचा आजार नेहमीच्या वाटेने गेला नाही, काही अनपेक्षित दिसले, तर डॉक्टर ते तपशीलवार लिहून वैद्यकीय नियतकालिकात छापतात. याला केस रिपोर्ट म्हणतात. रुग्णाची संमती घ्यावी लागते आणि त्याचे नाव-गाव गाळावे लागते. एकाच प्रकारचे अनेक रुग्ण एकत्र मांडले की खतावणी तयार होते. आणि उपचार किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी किती बरे झाले, किती दगावले, कितींना पुन्हा दाखल व्हावे लागले, याचा निर्भीड हिशेब म्हणजे ताळेबंद.

एका ताग्यावरून सबंध गाठीचा भाव ठरवता येत नाही, हे कापडाच्या धंद्यात पोरासोरांनाही ठाऊक असते. तसे एका रुग्णावरून औषध ठरत नाही. तथापि पहिला तागा उलगडून पाहिल्याशिवाय गाठीतला दोष कळतही नाही. 5 जून 1981 रोजी अमेरिकेच्या सरकारी साथरोग-पत्रिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाचा छोटा वृत्तांत छापला गेला. जगाला पुढे एड्स या नावाने परिचित झालेल्या रोगाची ती पहिली छापील नोंद ठरली.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. या विषयाचे सर्वांत तेजस्वी उदाहरण महाराष्ट्राच्याच मातीत, महाडच्या परिसरात घडले आहे.

भोकरदन तालुक्यातील देहेड या खेड्यात, शेतकरी कुटुंबात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरला एम.बी.बी.एस. झाले आणि 1976 साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. त्या भागात तांबड्या विंचवाचा सुळसुळाट होता. सरपणाच्या मोळीत, कौलांच्या फटीत, भाताच्या पेंढ्यात, दगडी बांधात त्याचे वास्तव्य. दंश झालेले मूल प्रथम मांत्रिकाकडे जाई, मग केंद्रात येई, आणि अनेकदा काही तासांत तोंडावाटे गुलाबी फेस येऊन प्राण सोडी. वेदनाशामके, ॲलर्जीवरची औषधे, स्टेरॉइड हे सारे देऊन होत असे, पण मरण टळत नसे. विंचवाने माणूस मरतो ही गोष्ट मोठ्या शहरांतील अध्यापकांना फारशी परिचित नव्हती, कारण असे रुग्ण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच संपत.

डॉ. बावस्करांनी त्या केंद्रात जे केले त्याला यंत्र लागले नाही. ते रुग्णाच्या खाटेजवळ बसून राहिले आणि लिहीत राहिले. दंश किती वाजता झाला, उलटी केव्हा झाली, घाम किती आला, हातपाय केव्हा गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती. अशा नोंदी साठत गेल्या तेव्हा त्यांतून एक क्रम दिसू लागला. ज्याला केवळ दंशाच्या जागी असह्य वेदना आहेत तो बहुधा वाचतो. ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय थंड पडतात, त्याच्या हृदयावर संकट येऊ घातले आहे. ही पूर्वसूचना सांगणारा त्यांचा निबंध 1982 मध्ये लंडनच्या 'द लॅन्सेट' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. 1823 पासून चालत आलेल्या त्या नियतकालिकात कोकणातल्या खेड्यातील रुग्णांच्या नोंदी छापून येणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

रोगाचे रूप कळल्यावर उपायाचा शोध सुरू झाला. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा जणू महापूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाला त्या दाबाविरुद्ध झगडावे लागते, ते थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. तेव्हा आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध हवे, असा विचार निघाला. प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेवाटे द्यावयाचे औषध वापरले गेले. त्यास क्षणोक्षणी पहारा लागतो, खेड्यात ते सर्वत्र शक्य नाही. नंतर रक्तदाबावरची प्रॅझोसिन ही साधी, स्वस्त गोळी उपयोगी ठरली. 1986 मध्ये तिच्याविषयीचा लेखही 'लॅन्सेट'मध्ये आला. या औषधापूर्वी, म्हणजे 1961 ते 1983 या काळात, पश्चिम भारतात फुप्फुसात पाणी झालेल्या विंचूदंशाच्या रुग्णांपैकी शंभरात 25 ते 30 दगावत. 1984 पासून प्रॅझोसिन वापरात आल्यावर हे प्रमाण शंभरात एकाहूनही खाली आले.

एवढ्यावर कोणीही थांबला असता. पण या कथेचा खरा मोठेपणा पुढे आहे, आणि तो नेमका हिशेबनिसांनी लक्षात ठेवावा असा आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या आवारात विंचवाच्या विषावरील प्रतिविष तयार होऊ लागले होते. ज्या डॉक्टरांचे नाव प्रॅझोसिनमुळे जगभर गेले, त्यांनीच पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह महाडच्या आपल्या रुग्णालयात प्रश्न विचारला की केवळ प्रॅझोसिन पुरेसे आहे काय. 70 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कोणाच्याही मर्जीवाचून, 35-35 अशी विभागणी झाली. एका गटास फक्त प्रॅझोसिन, दुसऱ्यास प्रॅझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. दहा तासांनी पाहिले तेव्हा दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी 32 जण पूर्ण बरे झाले होते आणि केवळ प्रॅझोसिन मिळालेल्यांपैकी 8. पूर्ण बरे होण्यास सरासरी एका गटाला 8 तास लागले, दुसऱ्याला सुमारे 18. हा निकाल 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. आपल्याच मालात उणे काय आहे हे आपणच मोजून बाजारात जाहीर करणारा व्यापारी किती जणांनी पाहिला असेल? 2022 मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

गोळीचा हिशेब त्या मानाने सोपा. दंश सकाळी होतो आणि निकाल दुसऱ्या दिवशी हाती येतो. शस्त्रक्रियेचे तसे नाही. तेथे औषधाबरोबर शस्त्रवैद्याचा हात, भूल देणाऱ्याची दक्षता, निर्जंतुक साहित्य, परिचारिकेची नजर हे सारे एकत्र येते, आणि परिणाम महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतो. शिवाय हिशेब उघड केला तर कोणाचा हात कमी पडला तेही उघड होते. म्हणून शस्त्रक्रियेचा ताळेबंद मांडणाऱ्याचे स्वागत होतेच असे नाही.

अमेरिकेत बोस्टनला डॉ. अर्नेस्ट कॉडमन नावाचे शस्त्रवैद्य होते. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल या नामांकित रुग्णालयात ते काम करीत. प्रत्येक रुग्णाची एक चिठ्ठी ठेवावी, शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने त्याची चौकशी करावी आणि जेथे अपयश आले तेथे कारण लिहावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते मानवले गेले नाही आणि 1914 मध्ये त्यांनी ते रुग्णालय सोडले. स्वतःच्या छोट्या रुग्णालयात 1911 ते 1916 या काळातील 337 रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला आणि त्यात 123 चुका स्वतःच नोंदवल्या. सहकाऱ्यांनी त्यांना जवळजवळ वाळीत टाकले. 1940 मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो 2014 मध्ये बसवला गेला.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने या वाटेवर जे काम केले ते प्रत्येक घरातील भगिनींशी संबंधित आहे. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा प्रश्न घेतला की स्तनाचा कर्करोग पहिल्या तपासणीतच शरीरात इतरत्र पसरलेला आढळला, तर स्तनावरील मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढते काय. वरकरणी उत्तर होकारार्थी वाटते. अनेक ठिकाणी तशी शस्त्रक्रिया होतही असे. 2005 ते 2013 या काळात, सुरुवातीच्या औषधोपचाराला प्रतिसाद दिलेल्या 350 स्त्रियांची दोन गटांत विभागणी करून हिशेब ठेवला गेला. दोन वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे 42 टक्के हयात होत्या, न झालेल्यांपैकी 43 टक्के. 2015 मध्ये हा निकाल 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झाला. अशा अवस्थेतील सर्वच स्त्रियांना ती चिरफाड, तो खर्च आणि तो मनस्ताप देण्याचे कारण उरले नाही. न करण्याचे ज्ञानही ज्ञानच असते, परंतु त्याला नामफलक लाभत नाही.

त्याच रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील 11 केंद्रांत दुसरा प्रयोग झाला. आरंभीच्या अवस्थेतील गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन टोचायचे. दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी वापरतात तेच हे औषध, किंमत नगण्य. सुमारे 1,600 स्त्रियांचा पाठपुरावा झाला. 2023 मध्ये छापलेल्या निकालानुसार पाच वर्षांनी हे इंजेक्शन मिळालेल्यांपैकी 90.1 टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी 86.4 टक्के. शंभर स्त्रियांमागे जवळजवळ चार जीव. पाच वर्षे प्रत्येकीचा पत्ता राखला नसता तर हे चार जीव कोणाच्याही हिशेबात आले नसते.

असे प्रयोग मनाजोगता निकाल आला तरच उजेडात आणण्याचा मोह होऊ शकतो. म्हणून भारतात 2007 पासून चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे आणि 15 जून 2009 पासून औषधांच्या चाचण्या सुरू करण्यापूर्वी तेथे नोंद करणे बंधनकारक झाले. काय मोजणार, कोणत्या दिवशी मोजणार, हे आधी जाहीर करावे लागते. पान फाडून नवी वही सुरू करण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली.

आता नामपूरचा विचार करावा. येथील रुग्ण शस्त्रक्रियेसाठी सटाण्याला, मालेगावला, नाशिकला आणि आजार मोठा असला तर मुंबईला जातो. काही दिवसांनी डिस्चार्ज कार्ड घेऊन एस.टी.ने किंवा जीपने परत येतो. त्या क्षणी मोठ्या रुग्णालयाच्या दृष्टीने तो बरा झालेला असतो. दहा दिवसांनी जखमेत पू झाला तर तो गावातल्याच डॉक्टरांकडे दाखवतो. पुन्हा एवढ्या लांब जायला गाडीभाडे हवे, सोबतीला माणूस हवा, आणि कांदे काढणीला आलेले असतात. जखम चिघळल्याची, ताप आल्याची, क्वचित मरणाची वार्ता ज्याने शस्त्र चालवले त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याच्या वहीत यशाचा आकडा तसाच राहतो. यात कोणाचा खोटेपणा नाही. नोंद अर्ध्या वाटेत तुटते, एवढेच. पण पुढच्या रुग्णाला त्याची किंमत चुकवावी लागते, कारण दोष साहित्यात होता, टाक्यात होता की घरच्या पाण्यात होता, हे शोधण्याची वेळच कोणावर येत नाही.

हा तुटलेला धागा जोडण्यास लाखांची यंत्रे लागत नाहीत. जगभर शस्त्रक्रियेचा परिणाम मोजताना तिसाव्या दिवसाची स्थिती हे एक प्रचलित माप आहे. तिसाव्या दिवशी रुग्णाला दूरध्वनी करून चार प्रश्न विचारणारा एक कारकून, एक नोंदवही आणि कपाटाची कोरडी जागा, इतका हा खर्च. रुग्णालयाला अर्थसाहाय्य देणाऱ्या संस्थांनी खाटांची संख्या विचारावी तशी मागील वर्षी शस्त्रक्रिया झालेल्यांची तिसाव्या दिवसाची स्थितीही विचारावी. विचारणा होऊ लागली की नोंद ठेवली जाते, हा पेढीवरचा अनुभव रुग्णालयातही खोटा ठरणार नाही. विचारणाऱ्याने मात्र एक पथ्य पाळावे लागेल. वाईट आकडा प्रामाणिकपणे दाखवणाऱ्या डॉक्टरला दोषी धरले, तर पुढील वर्षी आकडा चांगला येईल आणि रुग्ण तसेच राहतील.

रुग्णाच्या घरच्यांकडेही एक काम येते. डिस्चार्ज कार्ड, तपासणीचे अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारखेच्या क्रमाने एका पिशवीत जपून ठेवायच्या, आणि गावातील डॉक्टरांनी जखम धुतली, औषध बदलले, तर तेही त्याच कार्डावर लिहून घ्यायचे. कॉडमन यांच्या चिठ्ठीवर फार रकाने नव्हते. रुग्णाची तक्रार काय होती, निदान काय झाले, कोणती शस्त्रक्रिया केली, काय बिघडले, आणि वर्षभराने तो कसा आहे.