शिवेवरची प्रणाली

शीव म्हणजे सीमा. सतराव्या शतकात इंग्रजांनी येथील टेकडीवर किल्ला बांधला, तेव्हा अलीकडे त्यांची मुंबई होती आणि पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. संगणकाच्या जगातही अशी एक शीव आहे. ती ओलांडल्याचे सज्जनांनाही जाणवत नाही.

वाण्याकडून चुकून आलेले दहा रुपये परत करणाऱ्या घरातही चोरटी संगणकप्रणाली बिनदिक्कत नांदते. संगणक जोडून देणारा ती ‘फुकट’ टाकून देतो! कायदा मात्र स्पष्ट आहे. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३-ब अन्वये अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. वापर नफ्यासाठी नसेल, तर न्यायालय कारावास टाळू शकते.

मुक्त स्रोत प्रणाली म्हणजे चाचेगिरीचेच सभ्य रूप, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो साफ चुकीचा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली सिद्ध केलेला जीपीएल परवाना स्वामित्वहक्काच्याच पायावर उभा आहे. वापरा, बदला, वाटा; मात्र बदललेली प्रणाली वाटताना तिचा स्रोतही त्याच अटींवर द्या, असे कर्ता बजावतो. ही अट मोडणाराही चाचाच. २००४ साली म्युनिकच्या न्यायालयाने एका कंपनीला याच कारणावरून रोखले.

चोरट्या प्रतीने खरे नुकसान होते ते मुक्त प्रणालीचेच. महागडी वस्तू फुकट मिळाली, की हक्काने मिळणाऱ्या वस्तूकडे कोण वळणार? बिल गेट्स १९९८ साली चीनविषयी बोलताना म्हणाले होते, की चोरायचेच असेल तर त्यांनी आमचेच चोरावे; सवय लागली, की वसुलीचा मार्ग पुढे सापडेल. व्यापारी हिशेब अचूक होता.

आपल्याकडे दुसरी वाटही मळली गेली आहे. २००३ साली ‘आकृती’कर्त्या सायबरस्केप कंपनीने नऊ भारतीय लिप्यांचे फॉन्ट जीपीएलखाली खुले केले. पवईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे ‘सायलॅब’ या मुक्त प्रणालीत सोडवून दिली. त्याबद्दल त्यांना मानधनही मिळाले.

अडचणी आहेतच. जुन्या फॉन्टमधील पत्रके, अहवाल युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे बिघडतात, मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते. शाखेच्या किंवा सोसायटीच्या कार्यालयात हे काम कोणातरी एकाने अंगावर घ्यावे लागेल. दोन-तीन रविवार त्यात जातील.