राज्य कुणाचं? युरोपचा राजकीय इतिहास वाचताना



युरोपचा इतिहास वाचायचा तर सुरुवात कुठून करायची, असा प्रश्न नेहमी येतो. पुस्तक उघडलं की एकाच नावाचे डझनभर राजे भेटतात, न संपणारी युद्धं भेटतात, आणि दहाव्या पानावर पुस्तक मिटतं. माझा सल्ला थोडा वेगळा आहे. सुरुवात मुंबईपासून करा.

1661 साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या लग्नाचा करार झाला. त्यात मुंबई बेट आणि उत्तर आफ्रिकेतलं तँजिअर नवरदेवाला मिळालं. पुढे 1668 मध्ये चार्ल्सने ती मुंबई वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. मुंबई आंदण दिली हे आपण शाळेपासून ऐकतो, हसतो आणि पुढे जातो. पण जरा थांबा. लग्नात गाव देता येतं ते कुणाला? ज्याची ती मालमत्ता आहे त्याला. बेटावरच्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारायला हवं असं त्या वेळच्या युरोपात फारसं कुणाला वाटलंही नाही.

मध्ययुगीन युरोपची किल्ली इथे आहे. आज आपण नकाशावर फ्रान्स, जर्मनी, इटली पाहतो आणि हे देश पूर्वीपासून असेच होते असं धरून चालतो. तसं नव्हतं. राज्य म्हणजे घराण्याचं वतन. 1152 मध्ये अ‍ॅक्विटेनच्या एलेनॉरने हेन्रीशी लग्न केलं, दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि आजच्या फ्रान्सचा मोठा नैऋत्य भाग त्याच्या ताब्यात राहिला. 1500 साली जन्मलेल्या पाचव्या चार्ल्सला आजीकडून नेदरलँड्स, आजोबांकडून ऑस्ट्रिया आणि आईच्या माहेरकडून स्पेन मिळालं. हे त्याने जिंकलेलं नव्हतं. वारसाहक्काने आलं होतं.

सम्राटपद मात्र वारशाने मिळत नव्हतं. त्यासाठी सात निर्वाचकांची मतं लागत. 1519 मध्ये ती मिळवायला चार्ल्सने ऑग्सबर्गच्या फुगर सावकारांकडून प्रचंड कर्ज उचललं. इथे आपल्याला दुसरा धागा सापडतो. तो म्हणजे पैसा.

तोफा आल्या, पगारी सैन्य आलं, युद्ध महाग झालं. घरच्या उत्पन्नात ते भागेना. मग राजाला लोकांकडे हात पसरावा लागला, आणि हात पसरला की समोरचा अटी घालतो. 1215 च्या मॅग्ना कार्टात हेच दिसतं: काही विशिष्ट पट्ट्या राज्याच्या सल्ल्याशिवाय बसवायच्या नाहीत. आता, हा सल्ला सरदारांचा आणि धर्माधिकाऱ्यांचा होता, शेतकऱ्याचा नव्हे. तेव्हा तिथे लोकशाही जन्मली असं म्हणू नका. पण ‘आधी विचारा’ हा शब्द कागदावर आला.

पुढची पाचशे वर्षं राजे हा शब्द टाळायची धडपड करताना दिसतात. फ्रान्समध्ये तिन्ही वर्गांची सभा 1614 नंतर 1789 पर्यंत भरलीच नाही, म्हणजे तब्बल 175 वर्षं. इंग्लंडमध्ये पहिल्या चार्ल्सने 1629 पासून अकरा वर्षं संसदेविना कारभार केला. स्कॉटलंडशी युद्ध पेटलं, तिजोरी रिकामी झाली, संसद बोलवावी लागली. तिथून यादवी युद्ध झालं आणि जानेवारी 1649 मध्ये राजाचा शिरच्छेद. आरोप काय होता? देशद्रोह. आधी द्रोह म्हणजे राजाशी केलेला द्रोह. आता राजाच देशाशी द्रोह करू शकतो, असं न्यायासनावरून सांगितलं गेलं. राजा आणि राज्य या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या.

आणि गंमत बघा. मुंबई आंदण घेणारा दुसरा चार्ल्स हा याच राजाचा मुलगा! बापाला वधाच्या चौथऱ्यावर नेणाऱ्या देशाने अकरा वर्षांनी मुलाला गादीवर बसवलं आणि तो पुन्हा हुंड्यात बेटं घेऊ लागला. म्हणून सांगतो, इतिहास सरळ रस्त्याने पुढे जातो असं समजू नका. तो मागे येतो, वळसा घेतो. संसदेच्या मंजुरीशिवाय कर नाही, हे इंग्लंडमध्ये पक्कं व्हायला 1689 साल उजाडावं लागलं.

फ्रान्समध्ये तोच हिशेब 1789 मध्ये चुकता झाला. कर्जात बुडालेल्या सोळाव्या लुईने सभा बोलावली आणि तिसऱ्या वर्गाने जाहीर केलं की राष्ट्र म्हणजे आम्ही. 1791 च्या राज्यघटनेत लुई ‘फ्रान्सचा राजा’ उरला नाही, ‘फ्रेंचांचा राजा’ झाला. एका शब्दाचा फरक आहे, पण जमिनीचा मालक गेला आणि माणसांचा नोकर आला.

आता 1848 या सालाकडे या. फेब्रुवारीत पॅरिसच्या लोकांनी राजाला पळवून लावलं. मग व्हिएन्ना, बर्लिन, मिलान पेटलं. सगळीकडे एकच मागणी होती: राज्य लोकांचं आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब वारले. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा कंपनीला मान्य झाला नाही आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. कारण काय, तर औरस वारस नाही! म्हणजे युरोपात मोडीत निघालेला मध्ययुगीन नियम साताऱ्यात कंपनीच्या सोयीचा ठरला. साताऱ्याच्या रयतेला कुणी विचारलं? 1661 मध्ये मुंबईच्या कोळ्यांना विचारलं तितकंच.

युरोपातही विचारणं सोयीनेच होई. 1871 मध्ये जर्मनीने अल्सास घेतला, लोकांना न विचारता. 1919 मध्ये फ्रान्सने तो परत घेतला, तेही न विचारता. पण 1920 मध्ये श्लेस्विगमध्ये मात्र मतदान झालं. उत्तर भागाने डेन्मार्क निवडला, दुसऱ्या भागाने जर्मनी, आणि सीमा त्याप्रमाणे आखली गेली. त्याआधी 1884-85 मध्ये बर्लिनला आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरले, तेव्हा त्या टेबलाशी एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. आणि घरच्या घरात? स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला तो 1971 मध्ये.

म्हणून मंडळी, युरोपचा इतिहास वाचताना सनावळ्या पाठ करायच्या तर जरूर करा, पण प्रत्येक पानाला तीन प्रश्न विचारा. ही जमीन कुणाची मानली जात होती? पैसा कोण देत होतं? आणि कुणाला विचारलं गेलं नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक पुस्तकांत असतात. तिसऱ्याचं उत्तर शोधावं लागतं.

हे का करायचं? कारण आपली संसद, आपला अर्थसंकल्प, आपला मताचा हक्क, या सगळ्यामागे हाच झगडा आहे, आणि त्यात न विचारलेल्यांच्या रांगेत आपले पूर्वज उभे होते. दरवर्षी अर्थसंकल्प लोकसभेत मतदानाला येतो, तेव्हा आपण तो फक्त कर वाढला की कमी झाला एवढ्यासाठी पाहतो. पुढच्या वेळी एवढं आठवा: सरकारला तुमच्या पैशासाठी विचारावं लागतंय. हे विचारायला लावण्यासाठी शेकडो वर्षं लागली आहेत, आणि विचारणं टाळायची इच्छा कुठल्याच सत्तेची अजून मेलेली नाही.